पहिल्या वेताचा बोकड

मी एक बोकड बोलतोय. जात उस्मानाबादी, रंग काळा, आईच्या पहिल्या वेताचा. आणि मी जन्मलो तो पवित्रच जन्मलो. हे मी माझ्या तोंडानं म्हणत नाही. शिकल्यासवरल्या सात बायकांनी चार महिने माझ्यावर वाद घातला आणि मग तसं ठरवलं. मला स्वतःला तेव्हा दूध सोडून कशातच रस नव्हता.

गाव नेकनूर. चतुराबाईचं शेळ्यांचं वाडगं गावाबाहेर, बीडची एसटी वळते तिथं. चतुराबाई जन्मापासून शेळ्यांतली. वय पासष्टच्या पुढं, शेळ्या चाळीस, आणि तोंड असं की कुत्रं आधी तिला विचारून भुंकतं. शेळीच्या अंगावर कुठं काय खोट आहे हे तिच्या बोटांना कळतं. कान चाचपून ती सांगते, ही चीर काट्याची आणि ही कुत्र्याच्या दाताची. गावात याचं कुणाला कौतुक नाही. शेळ्या वळणाऱ्या बाईला शेळ्यांतलं कळायचंच, त्यात काय मोठं.

कौतुक करायला सिपोराबाई आल्या, त्याही पार जेरुसलेमहून.

सिपोरा अष्टमकर. कुटुंब मूळ कोकणातलं, धर्मानं ज्यू. वडील नेकनूरच्या सरकारी दवाखान्यात गुरांचे डॉक्टर होते. सिपोराबाई इथल्या शाळेत चौथीपर्यंत शिकल्या आणि मग सगळे इस्रायलला गेले. त्यांचं मराठी तेव्हापासून चौथीतच राहिलं. साठीची बाई वाडग्यात उभी राहून "मला फार तहान लागली आहे" असं पाठ्यपुस्तकातलं वाक्य बोलते, तेव्हा शेळ्यासुद्धा चरायच्या थांबतात.

तिकडं त्या बायकांच्या एका पाठशाळेत तालमूद शिकवतात. तालमूद म्हणजे त्यांच्या जुन्या पंडितांच्या वादांचा थोरला ग्रंथ. शिकणाऱ्या बायका, शिकवणाऱ्याही बायकाच. सिपोराबाईंचा विषय जेरुसलेमच्या जुन्या मंदिरातल्या बळींचे नियम. कोणतं जनावर चालतं, कोणतं चालत नाही, कानाला किती चीर चालते, डोळ्यात काय पडलं की ते बाद. ते मंदिर पडून दोन हजार वर्षं होत आली. तेव्हापासून तिथं एकही बोकड गेलेला नाही, पण तो कसा असावा यावरचा वाद अजून मिटलेला नाही. हे ऐकलं तेव्हाच मला ही माणसं आवडली.

एकदा वर्गात एका मुलीनं विचारलं, "बाई, डोळ्यात फूल पडलं तर ते जाणारं की कायमचं, हे ओळखायचं कसं?" सिपोराबाईंनी पान काढून उत्तर वाचून दाखवलं. मुलगी म्हणाली, "हे मीही वाचलंय. तुम्ही ओळखाल का?" सिपोराबाईंनी जन्मात शेळीचा कान हातात धरला नव्हता. त्यांनी ग्रंथ मिटला. त्याच ग्रंथात लिहिलंय की जुन्या काळी एक मोठा पंडित दोष ओळखायला शिकावं म्हणून मेंढपाळाकडे अठरा महिने जाऊन राहिला होता. सिपोराबाईंनी पाठशाळेतून अठरा महिन्यांची रजा काढली आणि नेकनूर गाठलं.

चतुराबाईनं विचारलं, "कावून आलाव?"

"दोष शिकायला आले आहे."

"लोकांचे का जनावराचे?"

"जनावरांचे."

"मंग सोपं हाय," चतुराबाई म्हणाली आणि त्यांच्या हातात एका शेळीचा कान दिला.

दिवसभर त्या चतुराबाईमागं रानात हिंडायच्या. दुपारी चारला पालथ्या घमेल्यावर फोन टेकवून वर्ग घ्यायच्या. पडद्यावर सात बायका. त्यातली तमार ही त्यांच्याच बरोबरीची विदुषी, आणि प्रत्येक गोष्टीला शंका काढणं हे तिचं काम. शेळी फोनसमोर धरली जायची, सिपोराबाई दोष दाखवायच्या, तमार म्हणायची, "जवळ आण." फोन जवळ नेला की शेळी तो चाटायची आणि वर्गाला थोडा वेळ फक्त जीभ दिसायची.

सतत दुसऱ्याची जनावरं हाताळायची त्यांना लाज वाटायला लागली, म्हणून त्यांनी चतुराबाईकडून एक शेळी विकत घेतली. पहिलारू, तीन महिन्यांची गाभण. ती माझी आई. आमच्याकडं रीत अशी की शेळी एकाची, सांभाळ दुसऱ्याचा आणि पिल्लं निम्मी निम्मी. चतुराबाई तेच म्हणाली, "अर्ध्या वाट्यानं सांभाळते."

सिपोराबाईंना ते बरं वाटलं नाही. "छे छे! तुम्ही माझ्या गुरू आहात. राबायचं तुम्ही आणि अर्धं मी न्यायचं, हे योग्य नाही. सांभाळायचे मी वेगळे देईन. शेळी आणि पिल्लं माझीच राहू द्या."

"बगा बाई, तुमची मर्जी," चतुराबाई म्हणाली.

इतक्या सभ्यपणानं इतका घोळ कुणी घातला नसेल.

दोन महिन्यांनी मी जन्मलो. चतुराबाईनं मला पायाला धरून उचललं आणि म्हणाली, "बोकड झालं." सिपोराबाईंनी आनंदानं टाळी वाजवली, आणि तोंडावर हात ठेवून मटकन खालीच बसल्या.

त्यांच्या धर्मात ज्यू माणसाच्या शेळीला पहिल्या वेताचा नर झाला तर तो जन्मतःच देवाचा. त्याला विकायचं नाही, कामाला लावायचं नाही, अंगावरचा केस कातरायचा नाही. बळी द्यायला मंदिर नाही, आणि मंदिराशिवाय कापायचं तर मुळीच नाही. आपोआप कायमचा दोष लागला की मग कापायला मोकळा, तोवर त्याला नुसतं पोसायचं. मुद्दाम दोष करणं हे पाप. हे लचांड टाळायची युक्तीही ग्रंथातच दिलीय: शेळीत परधर्मी माणसाचा वाटा असला की झालं, पावित्र्य लागत नाही. शेळी वाट्यानं सांभाळायला देणं हे तर तिथलं नेमकं उदाहरण. सिपोराबाईंनी ते पान अकरा वर्षं शिकवलं होतं.

वर्ग बसला. मला मांडीवर घेऊन त्यांनी कबूल केलं, "मी चूक केली आहे." पुढं चार महिने सात बायका माझ्यावर तुटून पडल्या. एक म्हणाली, गावाची रीतच वाट्याची, तर न बोलताही वाटा धरावा. दुसरी म्हणाली, स्पष्ट नाकारल्यावर रीत कसली. मी तेवढ्यात शिंगं काढली. शेवटी तमार म्हणाली, "त्या बाईलाच विचारा. तिचा वाटा होता की नव्हता?"

चतुराबाईला फोनसमोर बसवलं. सिपोराबाईंनी तिला आधीच नीट समजावलं होतं की वाटा होता म्हटलं तर निम्मा बोकड तिचा, आणि सगळाच विकायला मोकळा. नव्हता म्हटलं तर तिला काही नाही. मला मात्र दोष लागेस्तोवर सुरी नाही. मी तिथंच उभा होतो आणि मला एवढं नक्की कळलं की माझा जीव या म्हातारीच्या जिभेवर आहे.

चतुराबाईनं पदर सारखा केला. "मी मागितला हुता. ह्या न्हाई म्हनल्या. म्या बी व्हय म्हनलं. मंग वाटा कुठून आला?"

"नीट आठवून सांगा," तमार म्हणाली. सिपोराबाईंनी तिचं बोलणं मराठीत सांगितलं.

"आठवायचं काय त्यात? खोटं बोलायला आठवावं लागतंय."

अशा रीतीनं मी पवित्र ठरलो. असा नर पुरोहिताच्या घराण्याला द्यायचा असतो. तमारचा नवरा त्या घराण्यातला निघाला. त्याला विचारलं. तो चौथ्या मजल्यावर राहतो. तो म्हणाला, बोकड आहे तिथंच सुखी राहो.

आणि मी राहिलो. इतर बोकड बाजाराला गेले, मी राहिलो. मला कुणी मारेना, कुणी ओझं लादेना. काट्यात अडकून कान फाटेल म्हणून सिपोराबाई माझ्यामागं "सांभाळ रे, सांभाळ" करत पळायच्या. चतुराबाई म्हणायची, "जावई आला घरी." मी थोडा माजलो होतो, हे कबूल करतो.

वर्षाचा झालो तेव्हा ईदच्या आधी रहमतुल्ला आला. बीडचा शेळ्यांचा व्यापारी, चतुराबाईला मावशी म्हणतो. त्यानं माझे दात बघितले, कान उलटे केले, शिंगं हलवून बघितली. "ऐब एक बी न्हाई, मावशी. कुर्बानीला असाच लागतोय."

सिपोराबाईंनी त्याला सगळं सांगितलं. मग दोघं चहा पीत बसले आणि आपापल्या धर्मातले ऐब मोजू लागले. आंधळा, लंगडा, कान तुटका, शिंग मुळातून गेलेलं. यादी जवळजवळ एकच निघाली. दोघांनाही फार समाधान वाटलं.

"हे तुमच्यात बायका शिकवतेत?" रहमतुल्लानं विचारलं.

"पूर्वी शिकवत नव्हत्या. आता शिकवतो आम्ही."

"चांगलंय." त्यानं बशी खाली ठेवली. "म्हंजे आमच्यात ऐब नसला तर कापतेत, अन् तुमच्यात ऐब असला तर. मंग ह्यानं करावं तरी काय?"

माझ्याबद्दल इतका नेमका प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. तो दुसरे दोन बोकड घेऊन गेला.

पावसाळ्यात बाभळीचा पाला खाताना फांदी सटकली आणि माझ्या डाव्या डोळ्यात काटा गेला. आठ दिवसांत बुबुळावर पांढरं फूल आलं.

त्यांच्या नियमानं फुलाला ऐंशी दिवस द्यायचे, आणि त्या ऐंशीत तीनदा बघायचं. गेलं तर मी पहिल्यासारखा पवित्र. राहिलं तर दोष कायमचा, मग मी चारचौघांसारखा बोकड. सिपोराबाईंनी परतीचं तिकीट पुढं ढकललं. दोष ठरलाच तर बोकड चतुराबाईला द्यायचा, हेही त्यांनी वर्गाला सांगून टाकलं.

तमारनं लगेच विचारलं, "डोळ्यात औषध कोण घालतं?"

"चतुराबाई."

"मग फूल राहणार. तिचाच फायदा आहे."

"ती मागं स्वतःच्या विरुद्ध बोलली, तमार. मी तिच्यावर शंका घेणार नाही."

तमारनं पहिल्यांदाच पुढची शंका काढली नाही.

चतुराबाईनं खरंच कसूर ठेवली नाही. सकाळ-संध्याकाळ औषध घालायची, वर मला शिव्या द्यायची, "हाल नको, मुडद्या. तुझ्याच भल्याचं हाय." पहिल्यांदा बघितलं तेव्हा फूल मोठं होतं. दुसऱ्यांदा कडेनं विरळ दिसलं आणि सिपोराबाईंनी मला गूळ खाऊ घातला.

ऐंशीव्या दिवशी फोन घमेल्यावर ठेवला. चतुराबाई मला धरायला पुढं झाली तेव्हा सिपोराबाई म्हणाल्या, "आज तुम्ही काही सांगू नका. मी बघते." त्यांनी मला उन्हाकडं वळवलं, अंगठ्यानं खालची पापणी ओढली, बोट डोळ्यापुढून नेलं. ते बोट मला दिसलं नाही. गालाला लागलं तेव्हा कळलं. त्यांनाही तेव्हाच कळलं असणार, कारण त्यांचा हात थांबला.

"अजून विरळ होतंय, थांबू या" असं त्या म्हणाल्या असत्या तर पलीकडं कुणाला पत्ता लागला नसता. त्यांनी म्हणावं असं मला फार वाटत होतं. त्यांनाही वाटत होतं, कारण त्यांचे डोळे भरून आले होते.

"कायमचं आहे," त्या म्हणाल्या.

"नक्की?" तमारनं विचारलं.

"नक्की. मला ओळखता आलं."

पलीकडं कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली.

"बरुबर हाय," चतुराबाई म्हणाली. "मला आठ दिसांमागंच कळलं हुतं. तुमचं तुमाला कळावं म्हनून गप बसले."

सिपोराबाई दोन दिवसांनी गेल्या. जाताना माझ्यापाशी आल्या, मानेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मला खोटं बोलता आलं नाही. मला क्षमा कर." मराठी चौथीतलंच होतं, पण तेवढं पुरलं. मी त्यांच्यावर रागावलो नाही. खरं म्हणजे रागावलो होतो, पण संध्याकाळपर्यंतच.

आता मी चतुराबाईचा, पुरता, वाट्याबिट्याशिवाय. तिनं दोन बाजार चुकवले. पहिल्या बाजाराला तिचा गुडघा धरला. दुसऱ्या बाजाराला म्हणाली पाऊस येणार, आणि आभाळात ढगाचं चिटोरं नव्हतं. पण चारा कमी आहे, आणि मी शेळ्यांना धड चरू देत नाही. काल ती कुणाला तरी म्हणत होती, "बोकड पोसून मी काय करू, बाबा? मी काय देऊळ हाय?" उद्या रहमतुल्ला यायचाय. ईदला नाही, असाच, खाटकाच्या दुकानासाठी.

मला भीती वाटते. लपवण्यात काही अर्थ नाही. पवित्र असतो तरी एक दिवस मेलोच असतो, हे मला कळतं, तरी वाटते.

तुम्ही उद्या इकडून जाणार असाल तर रहमतुल्लाला माझं एवढं सांगा. दावं सोडताना डाव्या बाजूनं येऊ नकोस. तिकडचं मला दिसत नाही आणि मी दचकतो. चतुराबाई त्या बाजूनं येते तेव्हा आधी खोकते. तूही खोक.