पुरेशी चाचणी

“‘गणिती सूत्रांच्या मांडणीसाठी घेतलेल्या नव्या सॉफ्टवेअरची निवड संबंधित सर्व कर्मचाऱ्यांच्या एकमताने आणि पुरेशा चाचणीनंतर करण्यात आली होती. प्रस्तुत दोष केवळ हाताळणाऱ्या व्यक्तीच्या अनवधानामुळे उद्भवला.’ असं आहे सगळं. खाली शिक्का मारा,” विभागप्रमुख कुवाबारा म्हणाले आणि त्यांनी तो कागद फुमिए त्सुरुओकाच्या चहाच्या कपाला टेकवून उभा केला.

फुमिएने तो वाचला. दोनच वाक्ये होती, आणि त्यांत खरा म्हणावा असा ‘सॉफ्टवेअर’ हा एकच शब्द होता.

एकमताची गोष्ट अशी की, इसोबे यांच्या या अक्षरजुळणी कंपनीत कोणताही प्रस्ताव टेबलावरून टेबलावर फिरे आणि ज्याच्या-त्याच्या नावाचा शिक्का घेत वर चढे. कनिष्ठाने आपला शिक्का वरिष्ठाच्या चौकटीकडे किंचित कलता मारायचा, म्हणजे नाव नमस्कार करते आहे असे दिसते, हा तिथला शिष्टाचार. माणसे वाकतच होती. नावांना तरी ताठ उभे राहण्याची मुभा कशाला? सॉफ्टवेअरच्या प्रस्तावावरचे पाचही शिक्के एकाच कोनात कलले होते. पाच माणसे कितीही लाचार असली तरी इतकी एकसारखी वाकत नाहीत. त्यासाठी एकच हात लागतो.

त्या हाताला फार कष्ट पडले नसणार. सगळ्यांचे शिक्के मोरीच्या नळाशेजारी, बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात पडलेले असत. पार्सलवाला आला की ज्याच्या नावाचे पार्सल त्याचा शिक्का उचलायचा, मारायचा, परत टाकायचा. प्रत्येक वेळी कोण उठणार? डब्यात रबरबँड होते, सोया सॉसच्या चिकटलेल्या पुड्या होत्या आणि कुणीतरी दात कोरून टाकलेली काडी होती. त्या काडीला खेटून फुमिएचे नाव पडलेले असे. प्रस्तावावरच्या तारखेला ती निइगाताच्या मंदिरात आईच्या अस्थी पुरत होती, आणि इकडे तोक्योत तिचे नाव कुवाबारांना नमस्कार करत होते.

आता चाचणी. केसांना सुवासिक तेल लावलेला एक विक्रेता आला. चहा निवेपर्यंत त्याने माऊसने एक वर्गमूळ उचलले, एक अपूर्णांक उचलला आणि शाळेतल्या पोरालाही पाठ असते ते वर्गसमीकरणाचे सूत्र पडद्यावर उभे केले. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या मालकाला इसोबेसाहेबांनी आठवडाभर आधी गोल्फच्या मैदानावरच होकार दिला होता, तेव्हा टाळ्या वाजवण्यापलीकडे चाचणीत काही उरलेही नव्हते. दुसरे एक सॉफ्टवेअर विचारात होते. त्यात सूत्र आज्ञा लिहून घडवावे लागे. शिकायला कठीण, दिसायला रुक्ष, पण त्यातले सूत्र ओळीत अक्षरासारखे नांदे. नव्यातले सूत्र पानावर चित्रासारखे चिकटे आणि आपली चिन्हे एका खास फाँटकडून उसनी आणी. तो फाँट इसोबेंच्या संगणकांवर होता, छापखान्यात नव्हता. छापखान्याच्या यंत्राने कसलीही तक्रार केली नाही. त्याने वजाबाकीची चिन्हे निमूटपणे गाळली आणि त्यांच्या जागी कोरा कागद ठेवला. छापखान्याने पाठवलेले अखेरचे मुद्रित कुवाबारांनी पाकीट न फोडताच ‘ठीक’ म्हणून परत धाडले होते. पडद्यावर बरोबर आहे ते कागदावर कसे चुकेल?

पुस्तक होते विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेच्या सरावाचे. ऐन हिवाळ्यात, परीक्षा तोंडावर असताना, देशभरची मुले अशी उदाहरणे सोडवत बसली ज्यांतून काहीच वजा होत नव्हते. सेंदाईच्या एका आईने प्रकाशकांना फोन करून सांगितले, की उत्तर जुळत नाही म्हणून मुलगा आठवडाभर स्वतःला मठ्ठ समजत होता आणि जेवायला खोलीबाहेर येत नव्हता. 

“काय ठरलं मग?” कुवाबारांनी विचारले. “अहो, कुणी काढून टाकत नाहीये तुम्हाला. सूत्रांचं काम तेवढं सोडा. नववर्षाच्या कार्डांवरचे पत्ते असतात, लग्नाच्या पत्रिका असतात. डोळ्यांनाही आराम.”

“माझे डोळे बरे आहेत.”

“हट्ट नको, त्सुरुओका-सान. एकाने सोसलं की बाकीचे सुटतात. घरासारखं आहे आपलं.”

“प्रकाशकांनी उद्या मलाही बोलावलंय ना?” फुमिए म्हणाली. “शिक्क्याचं तिथे बघू.”

कुवाबारा गेल्यावर पलीकडच्या टेबलावरचे मुद्रितशोधक नागाई चष्म्यावरून बघत म्हणाले, “मारून टाक गं. तू नाही मारलास तर तुझा शिक्का डब्यातून उठून आपणहून कागदावर बसेल. आता सवय झालीये त्याला.”

“तुमचाही होता ना त्या प्रस्तावावर?”

“होता की. माझ्यापेक्षा छान वाकला होता.” नागाई हसले, मग हसायचे थांबले. “मी काही बोलणार नाही हं. दोन वर्षं राहिलीयेत माझी.”

फुमिएला त्यांचा राग आला नाही. राग येण्यासाठी समोर काहीतरी घट्ट असावे लागते. इथे सगळेच त्या सॉसच्या पुड्यांसारखे चिकट होते. फोटोटाइपसेटिंगच्या यंत्रावर काचेवरचे एकेक चिन्ह भिंगाखाली आणून सूत्र जुळवावे लागे, त्या काळापासून ती हे काम करत होती. लग्न जमले नाही, गावाकडचे घर भावाला गेले. अपूर्णांकाच्या डोक्यावर वर्गमुळाची रेघ किती लांब असावी, हे ठरवण्याचा हक्क तेवढा तिच्याकडे राहिला होता. नवे यंत्र आले की ती आपले ‘दुष्ट पान’ काढी: वर्गमुळात अपूर्णांक, अपूर्णांकात पुन्हा वर्गमूळ, खाली-वर बारीक आकडे. ते पान ती नव्या यंत्रावर जुळवी, छापखान्यात धाडी आणि छापून आलेला कागद समोर ठेवून तपासी. त्या पानापायी दोन यंत्रे विक्रेत्यांकडे परत गेली होती आणि दोन्ही वेळा विक्रेत्यांपुढे कुवाबारांना मान तुकवावी लागली होती. आता तिला लग्नपत्रिका जुळवायच्या होत्या, आणि त्याही त्या मुलाला मठ्ठ ठरवल्याचे पाप नावावर घेऊन.

दुसऱ्या दिवशी तिघे प्रकाशकांकडे गेले. इसोबेसाहेबांच्या हातात एका जुन्या नामांकित दुकानातल्या योकानचा खोका होता. या शहरात अपराध जितका जड तितकी मिठाई जड, आणि हा खोका चांगलाच वजनदार होता. ते आणि कुवाबारा कमरेतून वाकले आणि बराच वेळ वाकून राहिले. मागे उभ्या असलेल्या फुमिएला कुवाबारांच्या टकलावर घामाचे थेंब जमताना दिसत होते. तिने जेवढ्यास तेवढी मान लववली.

संपादक शिराकावा या हडकुळ्या, मंद आवाजाच्या बाई होत्या. त्यांनी खोक्याला हात लावला नाही. निवेदन त्यांनी दोनदा वाचले.

“हाताळणारी व्यक्ती म्हणजे तुम्ही?”

“हो.”

“यावर तुमचा शिक्का नाही.”

इसोबेसाहेब घाईने म्हणाले, “तेवढं राहिलं. परतल्यावर लगेच—”

“मी यांना विचारतेय,” शिराकावा म्हणाल्या. “चाचणीत तुम्ही काय पाहिलंत, त्सुरुओका-सान?”

“मी चाचणीला नव्हते. आईच्या अस्थी घेऊन चार दिवस गावाला गेले होते.”

“आणि प्रस्तावावरचा तुमचा शिक्का?”

“शिक्का ऑफिसातच होता.”

शिराकावांनी मान डोलावली. त्या देशातल्या प्रत्येक कचेरीत तसला एक डबा असतो, त्यांच्याही असणार. इसोबेसाहेबांनी चहाचा कप उचलला आणि त्याच्याकडे असे पाहू लागले, जणू तो कप आजच घडवला गेला होता.

“पुस्तक आम्ही परत मागवतो आहोत,” शिराकावा म्हणाल्या. “मला फक्त एक समजून घ्यायचंय. कुवाबारा-सान, सूत्रांचं काम तुमच्याकडे या एकट्याच करतात. त्या चार दिवसांत परत येणार होत्या. तुम्ही थांबला का नाहीत?”

कुवाबारांनी घडी केलेला रुमाल काढला, कपाळ पुसले, मान पुसली आणि घडी पुन्हा तशीच घातली. त्यांनी एकदा इसोबेसाहेबांकडे पाहिले. ते कपातून मान वर काढत नव्हते. मग कुवाबारा, आपण आपली बाजूच मांडतो आहोत अशा समजुतीने, अगदी अदबीने बोलले:

“यांच्यासाठी थांबलो असतो, तर यांनी ते पान छापखान्यात पाठवलं असतं. आणि मग आम्हाला ते सॉफ्टवेअर घेता आलं नसतं.”