माडावर रखमा

"पानी नको गो! माडावर कोन चढनार ते सांग आधी!"

अंगात सणसणून ताप, काखेत लिंबाएवढी गाठ, आणि धोंडूच्या जिवाला घोर कसला, तर माडांचा! रखमाने नवऱ्याच्या तोंडावर हातच ठेवला. "हळू बोला हो. तपासणीवाले फिरतायत भायेर."

दादरच्या त्या वाडीतली अर्धी माणसं गाठीच्या तापाला भिऊन गावी पळाली होती. उरलेल्यांच्या दारांवर थापा पडत. आजारी सापडला की डोलीत घालून थेट इस्पितळात. तिथून परत आलेलं माणूस रखमाने अजून पाहिलं नव्हतं. म्हणून तिने धोंडूला भाताच्या कणगीमागे निजवलं होतं.

पण माड कुठे लपवणार? माडी हवी तर सकाळ-संध्याकाळ वर चढून पोय, म्हणजे माडाचा न उमललेला तुरा, कोयत्याने तासावीच लागते. खाडे झाले की पोय सुकते आणि रस बंद. सरकारचा कर मात्र माडामागे आधीच भरलेला, तोही यंदा वाढवलेला. "इस्पितळं काय फुकट चालतात?" अबकारीचा कारकून म्हणाला होता. "तुमच्या माडीवरच रोग्यांच्या खाटा उभ्या राहतात, बाई!" तेव्हापासून आपल्याच माडांकडे पाहिलं की रखमाला त्या खाटाच दिसायच्या.

सकाळची खेप चुकलीच होती. उन्हं कलली तशी तिने कासोटा आवळला, नवऱ्याचं मुंडासं डोक्याला गुंडाळलं, कोयता कमरेला खोचला आणि खोडावरच्या खाचांत पाय रोवत निघाली की वर! बाई माडावर चढलेली वाडीत कुणी पाहिली नव्हती. तिला तरी कुठे ठाऊक होतं, आपल्याला चढता येतं म्हणून?

चढण्याआधी खालून मोठ्याने हाळी द्यायची, म्हणजे परसात न्हाणाऱ्या बायका आडोशाला होतात, ही माडी काढणाऱ्या भंडाऱ्यांची रीत. पण हाळी दिली तर बाईचा आवाज कळेल. गप्प राहिलं की निभेल, असं रखमाला वाटलं. तिथेच चुकलं.

"कोन रे मेल्या वर? हाळी द्यायला जीभ झडली काय?" शेजारची राधाबाई न्हाणीच्या दगडावरून किंचाळली. "धोंडू, तू असला नव्हतास रे!" मग डोळ्यांवर हात धरून तिने निरखलं. "अगो बाय माझे! रखमा? मग धोंडूला काय झाला गो?"

"हळू, राधाबाय! पाया पडते तुझ्या!"

उशीर झाला होता. गलका ऐकून नाक्यावरचे तपासणीवाले वळले. वरून रखमाला सगळं दिसत होतं: डोली, टोपीवाला साहेब आणि आपलं उघडं दार. कोयता न काढताच ती घसरत खाली आली, पोटऱ्या सोलवटल्या. पाय टेकले तेव्हा ते धोंडूला बाहेर आणतच होते.

"मी येते सोबत."

"आत कुणाला घेत नाहीत, बाई. सरका."

राधाबाई हमसून रडत होती. "मला काय ठाव गो..." रखमाने तिच्याकडे पाहिलंही नाही. धोंडूने डोळे किलकिले केले.

"तासलीस पोय?"

"तासली हो. छान रस येतोय."

डोली उचलली गेली. रखमा पुन्हा खोडाला भिडली. शेंड्याला पोचली तेव्हा डोली परळच्या रस्त्याला लागली होती. ती झाडीआड जाईपर्यंत तिने कोयत्याला हात लावला नाही. मग पोय मुठीत धरली आणि एक पातळ काप काढला.

रस लगेच आला नाही. ती पोयीखालचं मडकं धरून तशीच थांबली.