देवदूताचा फ्लेक्स

गुरुपादप्पांना सत्काराचं भारी वेड. लातुरात त्यांची डाळमिल आहे, पण घरात डाळीपेक्षा शालीच जास्त निघतील असा आमच्या गल्लीचा अंदाज. नवा फौजदार आला, घाला शाल. जुना गेला, त्यालाही घाला. मग नातू झाल्यावर डॉक्टर वीरेश सुटतात होय?

बाळंतपणात बाळाचा खांदा अडकला होता. डॉक्टरांनी डोकं धरून हिसडून ओढलं आणि शिवांशचा उजवा हात लुळा पडला. "होतं असं, येईल हळूहळू ताकद," म्हणाले. सून मंजुश्रीला हे पटलं नव्हतं. पण अप्पांनी बारशाला डॉक्टरांना शाल घातली, फेटा बांधला, मांडीवर नातू दिला आणि तो फोटो चौकात फ्लेक्सवर झळकवला. खाली मोठ्या अक्षरात 'देवदूत'.

हातात ताकद काही आली नाही. हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, ओढताना नस तुटली. मंजुश्रीनं ग्राहक आयोगात तक्रार केली. अप्पांना नातवाचं दुःख होतंच, पण घातलेल्या शालीचंही होतं.

सुनावणीला आम्ही शेजारीही गेलो. शिवांश तोवर चार वर्षांचा झाला होता. अप्पांच्या पिशवीत नवी शाल होती. निकाल लागलाच तर अध्यक्षांना नको का?

डॉक्टरांच्या वकिलानं तोच फ्लेक्स उलगडला. "बघा, घरचे किती खूश आहेत. आणि बाळाचा उजवा हात चांगला वर आहे. इजा झाली असेल तर ती नंतर, घरी."

म्हणजे दोष आईचा. माझं तर डोकंच फिरलं.

मंजुश्री उठली. "साहेब, त्याचं मनगट कुणी धरलंय ते बघा. फोटोवाला म्हणला, बाळाला टाटा करायला लावा. हात उठंना, म्हणून डॉक्टरांनीच उचलून धरला."

"मला आठवत नाही," डॉक्टर म्हणाले.

अध्यक्षांनी चष्मा लावून फ्लेक्स न्याहाळला. मग शिवांशला म्हणाले, "बाळ, टाटा कर बघू."

त्यानं डावा हात हलवला.

"आता उजव्यानं?"

शिवांशनं डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं, वर उचललं आणि हलवून दाखवलं. अगदी फ्लेक्सवर डॉक्टरांनी धरलं होतं तसंच.

अप्पांनी पिशवीचे बंद आवळले आणि ती बाकाखाली सरकवली.