लाल दिव्यावरचा कौल

मला राग लवकर येतो. हे नेवाशात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे मिक्सर जाळून आणणारी माणसंसुद्धा माझ्या दुकानात "आपोआप जळाला" म्हणायला कचरतात. आपोआप काही जळत नाही. कुणीतरी ओल्या हाताने किंवा वाकड्या डोक्याने काहीतरी केलेलं असतं, आणि ते मी तोंडावर सांगते. या वेळी मात्र वाकडं डोकं माझंच होतं, म्हणून आधी स्वतःला चार शिव्या घातल्या आणि मगच हे सांगायला बसले.

माझं दुकान म्हणजे साळूमावशींच्या घराची पुढची खोली. डिप्लोमा झाल्यावर मी स्टँडजवळ गाळा शोधत होते, तेव्हा प्रत्येक मालक आधी आडनाव विचारायचा आणि मग त्याला आठवायचं, की गाळा पुतण्याला द्यायचा आहे. साळूमावशींनी एवढंच विचारलं, "पंखा नीट करता येतो का गं तुला?" पंखा नीट केला, खोली मिळाली. त्याला पाच वर्षं झाली. मावशींकडे दोन म्हशी, मागच्या पडवीत कडबा कापायची कुट्टी, आणि नात संस्कृती. पोरीचे आईबाप चाकणला कंपनीत असतात, पण तिच्या बाबतीत शब्द चालतो तो आजीचाच.

गेल्या उन्हाळ्यात शनिशिंगणापूरहून काकासाहेब आले. देवळाच्या रस्त्यावर त्यांचं खेळण्यांचं आणि भांड्यांचं दुकान आहे. खुर्चीत बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "ताई, एक बक्षिसाचं मशीन बनवून द्या. गोल दिवे, पळता उजेड. गिऱ्हाइकानं बटन दाबलं की उजेड थांबला पायजे. लाल दिव्यावर थांबला तर बक्षीस."

मला इतका आनंद झाला, की मी भावसुद्धा धड सांगितला नाही. पाच वर्षं मी दुसऱ्यांनी बिघडवलेलं नीट करत होते. नवीन काही बनवायला कुणी सांगितलंच नव्हतं.

खेळ दिसायला सोपा. बत्तीस दिवे, त्यातला एक लाल, आणि एक बटण. अवघड आहे ते वेगाचं गणित. उजेड हळू पळाला तर शेंबडं पोरही जिंकतं आणि दुकानदार बसतो बोंबलत. फार जोरात पळाला तर जिंकणं नशिबावर जातं, मग त्याला खेळ कशाला म्हणायचं? मला असा वेग हवा होता, की ज्याचा हात तयार आहे तो जिंकेल, आणि ज्याचा नाही त्याला वाटेल, अरे, जरा चुकलंच. पंधरा दिवस मी एका दिव्यावरचा मुक्काम कमीजास्त करत बसले. स्वतः दाबून दाबून अंगठा सुजला.

खरी परीक्षा घेतली ती साळूमावशींनी. दुधाची किटली ठेवून त्या मशीनसमोर उभ्या राहिल्या आणि पहिल्या झटक्यात लाल दिवा. मला वाटलं, लागला असेल. दुसऱ्यांदा लाल. दहापैकी नऊ वेळा लाल!

"मावशी, कसं काय हो?"

"दिव्याकडं बघायचंच न्हाई," त्या म्हणाल्या. "फेरीचा ठेका धरायचा. कुट्टीत पेंढी सारताना पात्याकडं बघत बसलं तर बोटं ऱ्हातील का? ठेका कळला की हात आपसूक सुटतो."

मी त्याच वेगावर मशीन पक्कं केलं. बक्षिसांसमोर काच आणि कुलूप लावायला निघाले, तर काकासाहेब म्हणाले, "आमच्या गावात ते चालत न्हाई. माझ्या दुकानाला दारच न्हाई, तर मशीनला कशाला? समया, कुकर, समदं उघड्यावर ऱ्हाईल. कुनी हात लावणार न्हाई." मला ते फार आवडलं. आमच्या घरात शनीला तेल वाहत नाहीत, पण ज्या गावात वस्तू उघड्यावर राहतात त्या गावासाठी मशीन बनवायचं म्हणजे काय, असा मला तोराच चढला.

आणि त्या तोऱ्यातच मी शेण खाल्लं.

मशीन न्यायच्या आदल्या दिवशी काकासाहेब पुन्हा आले. "ताई, एक बारकं काम. शहरातली टवाळ पोरं येत्यात. त्यांचा हात यावर बसला तर दहा मिनिटांत मला धुऊन नेतील. फक्त त्यांच्यासाठी एक सोय करा. लाल दिव्यावर दाबलं, तर उजेड एक घर पुढं सरकावा."

"म्हणजे फसवायचं?"

"फसवायचं कशाला? तसली पोरं दिसली तरच लावायचं. एरवी बंद. शनीच्या गावात बसून मी खोटं करीन व्हय?"

मी भडकले. दहा मिनिटं त्यांना काय काय सुनावलं. आणि मग बनवून दिलं. हो, दिलं बनवून! खालच्या फळीच्या आतून एक स्विच. प्रोग्राममध्ये चार ओळी. लाल दिव्यावर बटण दाबलं की उजेड इतक्या हलकेच पुढच्या दिव्यावर जायचा, की कुणाच्या डोळ्याला कळू नये. मलाही कळेना, तेव्हा मी हसले. कशाचं हसू आलं मला? आपल्या हुशारीचं. तो हसरा चेहरा आठवला की आजही आरशात बघवत नाही.

दोन महिने गेले. संस्कृतीचा पुण्याला नर्सिंगला नंबर लागला. पेढे वाटून झाले, पण मावशींचं मन पुढं-मागं होत होतं. पोर एकटी कशी राहील, काय होईल. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत मोबाईलवरून प्रवेश पक्का करायचा होता, नाहीतर जागा दुसऱ्याला. शनिवारी मावशी शिंगणापूरला जाऊन आल्या. रविवारी सकाळी संस्कृती दुकानात आली ती डोळे सुजवून.

"आजी नाही म्हणाली. आता परत विचारायचं नाही म्हणाली."

"का? शुक्रवारपर्यंत तर बॅगेचं बघत होत्या."

"देवानं नाही म्हटलंय म्हणे." ती दात-ओठ खात बोलत होती. "देवानं! माझ्या नर्सिंगचं त्याला काय पडलंय, ताई?"

मी तरातरा आत गेले. मावशी म्हशीला पाणी दाखवत होत्या.

"मावशी, हे काय ऐकते मी?"

"ऐकलंस ते खरं हाय." त्या शांतपणे म्हणाल्या. "दर्शन घेतलं. म्हनलं, महाराज, मला काय सुदरत न्हाई, तुमीच सांगा. बाहीर आले तर काकासायबाच्या दुकानात तुझं मशीन. मनात कौल लावला. लाल दिवा लागला तर पोरीला धाडायचं, न्हाई लागला तर न्हाई."

फळीखालचा स्विच माझ्या डोळ्यांसमोर आला.

"अकरा येळा दाबलं, भारती. एकदा बी लाल न्हाई."

"हात चुकला असेल."

"माझा हात?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना शिवी दिली. "तुझ्या दुकानात धापैकी नऊ येळा कुनी लावलं हुतं? ठेका त्योच, हात त्योच, मशीन बी तेच. मंग अकरा येळा कसं चुकंल? त्यो हात माझा नव्हता, महाराजांनीच मागं वढला."

मशीन खरं आहे याची खात्री त्यांना मीच तर पटवून दिली होती. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, मरू दे, खेळच आहे. मावशींना तसं म्हणता येत नव्हतं, कारण त्यांना खेळ येत होता.

मी म्हणाले, "मशीन बिघडलं असेल, मावशी." एवढंच म्हणाले. स्विचचं तोंडातून निघालं नाही. आणि मी म्हणे सगळ्या तालुक्याला तोंडावर बोलणारी!

"पोरीसाठी खोटं बोलू नगंस," त्या म्हणाल्या आणि बादली उचलून निघून गेल्या.

रविवारचा सगळा दिवस मी वाद घालत होते. शेवटी सोमवारी सकाळी त्या तयार झाल्या, त्याही संस्कृतीने जेवण टाकलं म्हणून. "चल, दाव तुझा बिघाड," म्हणाल्या. जीप करून आम्ही तिघी निघालो. मी मनात वाक्यं जुळवत होते, ती सगळी काकासाहेबांसाठी होती.

दुकानात गर्दी होती. एक बाई लेकराला कडेवर घेऊन बटण दाबत होती, चुकत होती आणि लेकराला म्हणत होती, "आपलं नशीबच फुटकं, बाळा." मी तिला बाजूला केलं, फळीखाली हात घातला. स्विच चालू. त्याच्यावर धूळ बसली होती, बोटांना लागली. म्हणजे तो कधी बंद केलाच नव्हता.

"काकासाहेब!"

"या ताई, या. आवाज जरा खाली..."

"का खाली? फक्त टवाळ पोरांसाठी म्हणाला होतात ना? ही कडेवर लेकरू घेतलेली बाई टवाळ दिसते तुम्हाला? दुकानाला दार नाही म्हणून मिरवता, आणि फळीखालून चोरी करता? लाज आहे का काही!"

माणसं जमली. काकासाहेबांचा चेहरा क्षणभर पडला, मग ते सावरले. हात जोडून, गोड आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी भांडी इकनारा मानूस. मला इलेक्ट्रिकमधलं काय कळतंय? फळीखाली काय हाय ते ज्यानं बसवलं त्याला इचारा. ताई, स्विच कुनी बसवला?"

मागून मावशींचा आवाज आला.

"कसला स्विच?"

वळून बघितलं, तर त्या मशीनला अगदी चिकटून उभ्या होत्या. मग मी सांगितलं. लाल दिव्यावर बरोबर दाबलं तरी उजेड पुढं सरकतो हे सांगितलं. काकासाहेबांनी मागितलं आणि मी करून दिलं हेही सांगितलं. सांगताना माझा आवाज चढत गेला, जणू मावशींवरच चिडले होते. संस्कृती माझ्याकडे पाहत होती, तोंड उघडं टाकून.

"बंद कर," मावशी म्हणाल्या.

मी स्विच बंद केला. त्यांनी पदर खोचला, मान किंचित हलवत दोन फेऱ्या जाऊ दिल्या आणि दाबलं. लाल. पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही लाल. लोक टाळ्या वाजवायला लागले, कुणीतरी शिट्टी मारली. काकासाहेबांनी घाईघाईने कुकर पुढं केला. मावशींनी त्याच्याकडे बघितलं नाही.

"आता चालू कर."

"कशाला, मावशी..."

"कर म्हनते ना!"

चालू केला. त्यांनी दाबलं. उजेड लाल दिव्याच्या पुढच्या घरात जाऊन थांबला. त्यांनी वाकून त्या दिव्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते तिथंच ठेवलं. टाळ्या थांबल्या होत्या. मी फळीखाली हात घालून स्विच तारांसकट उपटला आणि काकासाहेबांच्या गल्ल्यावर आपटला. ते काहीतरी बोलले, मी ऐकलं नाही. मला वाटत होतं, आता मावशी त्यांना झाडतील. मनापासून वाट बघत होते मी त्याची.

"संस्कृती," मावशी म्हणाल्या, "मोबाईल काढ. काय भरायचं ते हितंच भर. तू पुन्याला जातीयास."

पोरीने मोबाईल काढला. मी मावशींचा हात धरायला गेले, तर त्यांनी तो मागं घेतला. रागाने झटकला असता तर बरं झालं असतं. मग मीही ओरडले असते, रडले असते, पायाही पडले असते. त्यांनी तो नुसता मागं घेतला.

"खोली रिकामी कर," त्या म्हणाल्या. "म्हैना घे पायजे तर. पन कर."

"मावशी, काकासाहेबांनी मला..."

"त्यो दुकानदार हाय. त्याच्याकडं मी काय मागाय गेल्ते?" त्यांचा आवाज जराही चढला नाही. "मी देवाला इचारलं हुतं, भारती. उत्तर तू दिलंस."