चालेल तेवढा हात
शाळेच्या जेवणघरात दर बुधवारी तळलेली कोंबडी आणि कुस्करलेले बटाटे असत, आणि ओडेसा पिंकनीला ते हॅस्केल मास्तरांच्याही ताटात वाढावे लागत. याच माणसानं वर्गात फोन हिसकावताना तिच्या लेकीचा, कियानाचा, उजवा हात पिरगळला होता. अकरा वर्षांची पोर. कोपर मोडलं ते पुन्हा नीट बसलंच नाही. "जरा ग्रेव्ही वाढा, मिस ओडेसा," असं तो आठ महिने म्हणत होता आणि ती वाढत होती. नोकरी सोडून जाणार कुठे?

तिला एवढंच हवं होतं की या माणसानं हे केलं, असं कुणीतरी सरकारी कागदावर लिहावं.

आधी ती शेरीफच्या कचेरीत गेली. तिथला शिपाई म्हणाला, "मास्तरावर वॉरंट? मॅजिस्ट्रेटकडे जा बाई." मॅजिस्ट्रेटनं अर्ज ठेवून घेतला आणि पाच महिन्यांनी तिला बोलावून परत केला.

"शिक्षक आणि पोलीस यांनी कामावर असताना काही केलं, तर त्यांच्या अटकेचा कागद मला काढता येत नाही. वरच्या मजल्यावर प्रोबेट कोर्टात जा."

"मग पाच महिन्यांपूर्वी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

ओडेसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या भावानं दुकानात कुणाची तरी कॉलर धरली होती, तेव्हा याच मॅजिस्ट्रेटनं एका दुपारीत वॉरंट काढलं होतं. त्याला आधी कुणी विचारलं नव्हतं. मास्तरांना मात्र आधी नोटीस, मग सुनावणी, आणि वर वकील आणायची मुभा. जॉर्जियाच्या त्या लहानशा काउंटीत कायदा सगळ्यांना सारखा होता, फक्त काहींना जास्त सारखा.

प्रोबेट कोर्ट म्हणजे मृत्युपत्रं आणि लग्नाचे परवाने. सुनावणीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर एक जोडपं परवान्यासाठी खिदळत बसलं होतं. आत जज थॅगर्डबाई, एक कारकूनबाई, हॅस्केल आणि त्याचा वकील. वर्गातल्या पोरांच्या आयांपैकी एकही आपलं पोर साक्षीला घेऊन आली नव्हती. त्यांना पुढच्या वर्षीही पोरं त्याच शाळेत पाठवायची होती.

"उजवा हात वर कर, बाळा. खरं सांगेन म्हण," कारकूनबाई म्हणाली.

कियानानं हात उचलला. तो खांद्यापर्यंतच आला. तिनं ओठ दाबून अजून जोर केला, पण हात तिथंच अडला.

"अजून थोडा वर."

"जात नाही."

कारकूनबाईनं जजबाईंकडे पाहिलं. जजबाई म्हणाल्या, "ठीक आहे. चालेल तेवढा."

पोरीनं सगळं नीट सांगितलं, एकदाही रडली नाही. मग वकिलानं एक कागद ओडेसापुढे केला. शाळेचा अपघाताचा फॉर्म. 'मैदानात खेळताना पडली.' खाली सही.

"ही सही तुमची?"

"माझीच. पण मी वाचला नव्हता. साडेतीनशे पोरं रांगेत उभी होती, हाताला पीठ होतं. नर्स म्हणाली, सही केल्याशिवाय दवाखान्यात नेता येत नाही."

"पण सही तुमची."

"हो."

दवाखान्यानंही त्याच फॉर्मवरून 'पडली' असं उतरवलं होतं. जजबाई वाईट नव्हत्या. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले आणि म्हणाल्या, "मिस पिंकनी, कागदावर तुम्ही स्वतःच एक सांगता आणि इथं दुसरं. यावर मी माणसाला अटक करू शकत नाही." अर्ज फेटाळला. हॅस्केलनं उठताना मायलेकींना मान लववून नमस्कार केला. बाकावरच्या जोडप्याला आत बोलावलं.

गाडीत ओडेसानं कियानाचा पट्टा ओढून लावला, कारण पोरीचा हात तिथवर जात नव्हता. उद्या बुधवार, पुन्हा त्याच्या ताटात वाढायचं, हे तिच्या मनात आलं. आपल्याच सहीनं आपण पोरीचा घात केला. हे दुःख तिला आता मरेपर्यंत पुरणार होतं.

कियाना खिडकीबाहेर बघत होती. मग हळूच म्हणाली, "आई, तेवढा नाही ना चालला? हात अजून वर गेला असता, तर त्यांना खरं वाटलं असतं."