बिननंबरची पेशंट

किल्ली आत जात होती, फिरत मात्र नव्हती.

“अगं, जोर लावू नकोस, आत मोडेल,” मावशी म्हणाल्या. वॉर्डाची झाडलोट त्यांच्याकडे. एका हातात फरशीचं फडकं, दुसरा हात कमरेवर.

“मोडू दे.”

“आईची लेक शोभतेस हो.”

“मग काय शेजारणीची शोभू?”

ठिणगी हे तिचं नाव आईनंच ठेवलेलं. घरात, गल्लीत आणि आईच्या कृपेनं या अख्ख्या बायकांच्या वॉर्डात तिला कुणी दुसऱ्या नावानं हाक मारत नसे. वय सोळा, शाळा सोडून वर्ष होत आलेलं. राग नाकावर, आणि नजर अशी की समोरच्याचं चुकीचं लागलेलं बटण तिला आधी दिसायचं, चेहरा नंतर.

आईला जाऊन तीन महिने झाले होते. बावीस वर्षं नर्स, त्यातली एकोणीस याच वॉर्डात. गेलीसुद्धा इथंच, सकाळच्या ड्यूटीवर, सव्वाअकराला, औषधांची ट्रॉली ढकलता ढकलता. परवा हॉस्पिटलातून निरोप आला की नवी सिस्टर रुजू झालीय, कपाट रिकामं करून द्या. बाबांनी चपला घातल्या, दारापर्यंत गेले, परत येऊन चपला काढल्या. “तूच जा,” एवढंच म्हणाले.

नवी सिस्टर दोन हातांच्या अंतरावर उभी होती. कडक इस्त्री, छातीशी धरलेली पिशवी.

“सावकाश होऊ द्या,” ती म्हणाली.

“सावकाशच चाललंय. दिसत नाही का?”

नवी सिस्टर कानापर्यंत लाल झाली आणि छताकडे बघायला लागली. मावशींनी ठिणगीच्या हातातून किल्ली घेतली, आपल्या तेलकट अंबाड्यात दोनदा फिरवली आणि कुलपाला लावली. कुलूप उघडलं.

आत काय होतं? एक स्वेटर, रबरी चपला, कान तुटलेला कप, कंगवा, सेफ्टी पिनांचा झुबका. ठिणगीनं सगळं बाहेर काढलं. स्वेटरचे खिसे उलटे केले. फळीवरचा कागद उचलून त्याखाली बघितलं, कपात बोट घालून बघितलं.

“काय शोधतेस गं?”

“काही नाही.”

काही नाही कसं? ती शेवटची सकाळ शोधत होती. त्या दिवशी पावणेसातला आईनं शाळेचा फॉर्म तिच्यासमोर ठेवला होता. मुख्याध्यापकांच्या हातापाया पडून आणलेला. “परत घेतायत तुला. सही कर.” ठिणगीनं फॉर्मचे दोन तुकडे केले, मग चार. वर म्हणाली, “तुला जगाची सेवा करायची हौस आहे ना, मग कर. माझी नको करूस.” आईनं केसांना पिन लावली, पर्स उचलली, दार ओढून घेतलं. दार आपटलं असतं तरी चाललं असतं. तिनं ते अगदी हळू ओढून घेतलं होतं.

पाच तासांनी फोन आला.

तेव्हापासून ठिणगीला एकच गोष्ट कळायला हवी होती. आई रागातच गेली का? बाबांना विचारायची सोय नव्हती, त्यांना फॉर्मचं माहीतच नव्हतं. तुकडे तिनं बाबा यायच्या आत गोळा केले होते.

तिनं स्वेटर नाकाशी धरला. स्पिरिटचा वास, आणि त्याच्या आत कुठेतरी आई. ही बाई घरी यायची ती कोपरापर्यंत हात धुऊन मगच कुणाला शिवायची. गादीवरची चादर इतकी ताणून खोचायची की बाबा म्हणायचे, आत शिरायला अर्ज करावा लागतो. आणि हिच्यापुढे खोटं आजारी पडायची तर सोयच नव्हती.

“आई, पोट दुखतंय.”

“दुखतंय म्हणजे कसं? कळ येते, की मुरडा? ठणकतंय, की भगभगतंय?”

“...सगळंच.”

“सगळंच? मग शाळेत जा. सगळंच एकदम कुणालाच होत नाही.”

आता तीन महिने काहीतरी दुखत होतं. कसं, ते विचारणारं कुणी नव्हतं.

“मावशी,” ठिणगीनं स्वेटर पिशवीत कोंबला, “त्या दिवशी तुम्ही होतात ना? आई काय म्हणाली माझ्याबद्दल?”

मावशी फडकं पिळायला लागल्या. ते आधीच कोरडं होतं. “म्हणाली ना! हसत हसत म्हणाली, माझी ठिणगी फार गुणाची आहे हो.”

“गुणाची? मी?” ठिणगी उसळलीच. “मावशी, थाप मारायची तर पटेल अशी तरी मारा!”

तिचा आवाज चढला तशी टेबलावरून इनचार्ज सिस्टर उठून आल्या. जाडजूड बाई, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. आईच्या बरोबरीनं नोकरीला लागलेल्या. त्यांनी मावशींना डोळ्यानंच पाठवून दिलं आणि ठिणगीला बाकावर बसवलं.

“खरं सांगू का गोड सांगू?”

“गोड आत्ताच ऐकलं.”

“बरं. आमच्यात ड्यूटी बदलताना ओव्हर देतात. म्हणजे जाणारीनं येणारीला एकेका कॉटची खबर द्यायची. एक नंबर, ताप उतरला. दोन नंबर, रात्रभर कण्हत होती. अशी. तुझी आई दोन वाजता सगळ्या कॉटा संपवायची आणि मग म्हणायची, ‘आता बिननंबरची.’ ती तू.”

“मी?”

“मग काय! ‘बिननंबरची जेवली नाही, तोंड सुरू आहे. उलट उत्तरं सकाळपासून पाच. ताप नाही, नुसता ताठा.’ वॉर्ड खो खो हसायचा. तुझा गोवर, तुझी फुटलेली हनुवटी, शाळा सोडलीस ते, सगळं आम्ही ओव्हरमध्ये घेतलंय. एकोणीस वर्षांतली सोळा तुझीच गेली बघ.”

ठिणगीला हसू आलं आणि तिनं ते दाबलं. “आणि त्या दिवशी?”

इनचार्ज सिस्टरनी चष्मा काढून पदराला पुसला. “त्या दिवशी आली तीच तोंड आवळून. मी म्हटलं, काय गं, घरची कशीय? तर म्हणाली, ‘आज विचारू नका.’ बस.”

“म्हणजे रागात होती.”

“होती. चांगलीच होती.”

ठिणगीनं मान खाली घातली. थाप नव्हती ही. तीन महिने जे गिळलं जात नव्हतं ते कुणीतरी तळहातावर ठेवलं होतं.

“पण ऐक,” इनचार्ज म्हणाल्या. “ती सकाळी चिडूनच यायची गं, आठवड्यातनं तीनदा. आठ वाजता म्हणायची, ‘आज घरी जाऊन तंगडीच मोडते.’ दोन वाजता ओव्हर देईपर्यंत सगळं उतरलेलं असायचं. घरी जाताना कोपऱ्यावरून तुझ्यासाठी काहीतरी घेऊनच जायची. कधी चुकलं नाही. त्या दिवशी...” त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. “त्या दिवशी दोन वाजलेच नाहीत तिचे.”

भिंतीवरच्या घड्याळात दीड होऊन गेला होता. पिशवी भरली होती, कपाट रिकामं होतं, निघायला हरकत नव्हती. ठिणगी निघाली नाही. नव्या सिस्टरनं कपाटात आपला डबा ठेवला, तेही तिनं मुकाट्यानं बघितलं.

दोनला पाच मिनिटं असताना दुपारची सिस्टर आली. उंच, सडपातळ, धापा टाकत. रोज आईकडून ओव्हर घ्यायची ती हीच. इनचार्ज सिस्टर वही घेऊन पहिल्या कॉटपाशी उभ्या राहिल्या. एक नंबर, टाके सुकतायत. दोन नंबर, सलाईन चारला संपेल. नऊ नंबरच्या आजी औषध जिभेखाली लपवतात, तोंड उघडून बघायचं. बारा नंबर आज घरी गेली, कॉट रिकामी.

बारानंतर कॉट नव्हती. तरी दोघी तिथंच उभ्या राहिल्या. तीन महिने बहुतेक रोजच अशा उभ्या राहत असाव्यात, कारण पेशंट बायकाही गप्प झाल्या होत्या.

उंच सिस्टर वळली. बाकाकडे बघून म्हणाली, “आणि बिननंबरची?”

ठिणगी उठली. “जेवते,” ती म्हणाली. “झोप नाही येत. फॉर्म... मी फॉर्म फाडला होता त्या दिवशी.”

“पुढे?”

“ठणकतंय,” ठिणगी म्हणाली. “सारखं नाही. संध्याकाळी, आई यायच्या वेळेला.”

“बरं,” उंच सिस्टर म्हणाली, जशी बाकीच्या कॉटांना म्हणाली होती तशीच. “घेतली.”

तेवढ्यात चार नंबरला उलटी झाली. दोघी तिकडे धावल्या, मावशी बादली घेऊन आल्या, नवी सिस्टर पडदा ओढायला लागली. पडद्याची कडी अडकली. ठिणगीनं पिशवी बाकावर ठेवली, स्टुलावर चढली आणि कडी सोडवून दिली.