हुंकाऱ्याचा पळा

मी एक जुना लोखंडी पळा आहे, मित्रांनो. स्वयंपाकघरातला नव्हे, माणसाहून लांब, तिघांनी मिळून उचलावा असा. शहराला दिवाबत्तीचा वायू पुरवणाऱ्या कंपनीत माझा जन्म झाला. मी बंद भट्टीच्या तोंडात कोळसा लोटी, त्याचा वायू होई आणि त्यावर रस्त्यांतले दिवे जळत. त्याच दिव्यांखाली कंपनीच्या औदार्याची स्तोत्रे रचली गेली.

आमची एक रीत होती. दोघे मला पुढून धरत, तिसरा मूठ धरी. त्याने 'हं' म्हटल्यावाचून कोणी मला उचलत नसे. एकाने जरी घाई केली, तरी तिघांचे हात भाजत. माझी मूठ धरणाऱ्याला सगळे हुंकाऱ्याच म्हणत.

तो पहाटे निघे तेव्हा त्याची चिमुरडी झोपलेली असे. बारा तास राबून रात्री परते तेव्हाही झोपलेलीच. एका सुट्टीला तिने आईला विचारले, "हे काका जेवायला थांबणार आहेत का?" त्याने हे जोडीदारांना हसत सांगितले. ते हसले नाहीत.

कामगारांनी आठ तासांची पाळी मागितली. फावल्या वेळाने गरिबाचे चारित्र्य बिघडते, असे संचालकांनी कळवले. ते स्वतः रोज दुपारी झोपत. त्यांच्या चारित्र्याचा बहुधा विमा उतरवलेला असावा.

एके दुपारी मला काठोकाठ भरले. तिघांनी हात लावले. हुंकाऱ्या गप्प. व्यवस्थापक तणतणत आला.

"वाट कसली बघतोस? हं म्हण."

"आज तुम्हीच म्हणा, साहेब."

साहेबांनी म्हटले. पुन्हा म्हटले. मग ओरडले.

"घसा बसेल, साहेब," शेजारून कोणीतरी काळजीने म्हणाले.

भट्टीघरात एकही पळा हलला नाही.

संप मोडायला बाहेरून आणलेल्या माणसांनी मला आपापल्या लहरीने उचलले. कोळसा साहेबांच्या बुटांवर सांडला. वायू भरला की वर चढणारी अवाढव्य टाकी वायू आटत गेला तशी खाली बसत गेली. अखेर संचालकांच्या सभेतलाच दिवा फडफडून विझला, आणि आठ तासांचे महत्त्व त्या विद्वानांना अंधारात दिसले.

नव्या पाळीच्या पहिल्या दिवशी, ऊन असतानाच, हुंकाऱ्या बाहेर पडला. संपाच्या दिवसांत लेकीची त्याच्याशी गट्टी जमली होती. आईबरोबर फाटकाशी आलेल्या तिने दोन्ही हात वर केले आणि ऐटीत म्हणाली, "हं."

त्याने तिला उचलले.

आज मी संग्रहालयात टांगलेला आहे. खालची पितळी पाटी सांगते की, दयाळू संचालकांनी कामाचे तास कमी केले. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. पण माझा गंज राहू द्या. आधी ती पाटी बदला.